स्टारड्यू व्हॅली : नवख्यांनी पहिला वसंत कसा खेळावा

परसबाग

आमच्या ऑफिसात आणि सोसायटीत बऱ्याच जणांनी गेल्या काही महिन्यांत स्टारड्यू व्हॅली घेतला आणि पहिल्या आठवड्यातच सोडून दिला. कारण विचारलं की सगळ्यांचं म्हणणं एकच. दिवस पुरत नाही, आपला माणूस सारखा दमतो आणि नक्की करायचं काय ते कळत नाही. इतका जीव लावून केलेला खेळ एवढ्याशा कारणाने सुटावा, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजोबांनी मागे ठेवलेली पडीक जमीन कसायला तुम्ही शहरातली नोकरी सोडून पेलिकन टाऊन नावाच्या गावात येता. शेती, मासेमारी, खाणकाम, गुरंढोरं, गावकऱ्यांशी ओळखीपाळखी, लग्न, मुलं असं सगळं आयुष्य यात आहे. एरिक बॅरोन या एका माणसाने चार-साडेचार वर्षं खपून चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रॅमिंग सगळं एकट्याने केलं आणि २६ फेब्रुवारी २०१६ला खेळ कॉम्प्युटरवर आला. आयफोनवर २०१८मध्ये, अँड्रॉइडवर २०१९मध्ये. पैसे एकदाच भरायचे, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही.

आता मुद्द्याचं. या खेळात खरी चलनं दोन आहेत, वेळ आणि शक्ती. गोल्ड, म्हणजे खेळातले पैसे, त्यांच्यामागून येतं. दिवस सकाळी ६ला सुरू होतो आणि रात्री २ला संपतो. घड्याळाची दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद, म्हणजे अख्खा दिवस चौदा मिनिटांत उरकतो. शक्ती सुरुवातीला २७०. कुदळ, कुऱ्हाड, झारी, काहीही एकदा चालवलं की २ खर्च. गळ एकदा टाकला की ८. विळा मात्र फुकट, गवत हवं तेवढं कापा.

हे आकडे डोक्यात ठेवून हिशेब करा. सरपंच लुईस पहिल्या दिवशी पार्सनिप या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया देतो. त्यांना रोज पाणी घालायला ३० शक्ती लागते. तुम्ही हौसेने ६० रोपं लावलीत तर रोज १२० शक्ती झारीतच गेली. मग झाडं तोडायला, खाणीत उतरायला उरतं काय? दमायला होतं ते यामुळे. पहिले दहा-बारा दिवस वीस-पंचवीस रोपांच्या पुढे जाऊ नका. आणि शेतातले सगळे दगड-ओंडके एकदम साफ करायला घेऊ नका. घरासमोरचा एक तुकडा साफ करा, बाकीचं रान तसंच राहू द्या. ते लाकूड पुढे लागणारच आहे.

पहिल्या संध्याकाळी ५० लाकडांची एक पेटी करून घराबाहेर ठेवा. पाठीवरच्या पिशवीत जागा फक्त १२, ती दुपारपर्यंतच भरते. गावातल्या पियरच्या बियाण्याच्या दुकानात २,००० गोल्डला २४ कप्प्यांची पिशवी मिळते. पहिल्या मोठ्या कमाईतून ती घ्यावी असं माझं मत आहे, बियाण्याच्याही आधी.

पहिल्या दिवशी लावलेले पार्सनिप ५ तारखेला निघतात. एकेक ३५ला जातो, म्हणजे १५चे ५२५. सगळे विकू नका, चार-पाच पेटीत ठेवा. कशासाठी ते पुढे सांगते. त्या पैशांतून बटाटे घ्या. बी ५०ला, सहा दिवसांत पीक, विक्री ८०. कधीकधी एका रोपाला एकाहून जास्त बटाटे लागतात. फ्लॉवरला १२ दिवस लागतात, बी ८०ला आणि विक्री १७५. पण १६ तारखेनंतर तो लावायचा नाही. इथे एक ऋतू म्हणजे एकच महिना, तोही २८ दिवसांचाच, आणि ऋतू बदलला की उभं पीक एका रात्रीत मरतं. बी घेताना त्याला लागणारे दिवस आणि आजची तारीख यांची बेरीज २८च्या पुढे जात नाही ना, एवढं बघा.

१३ तारखेला अंड्यांचा उत्सव असतो. तिथे पियरच्या टपरीवर स्ट्रॉबेरीचं बी १०० गोल्डला मिळतं. त्यासाठी आधीपासून पैसे बाजूला टाका. पहिल्या वसंतात स्ट्रॉबेरी मिळण्याची ही खात्रीची जागा. त्याच रात्री घरी येऊन लावली तर २१ला आणि २५ला असे दोन तोडे मिळतात, दर फळाला १२० गोल्ड. उत्सवाला जायच्या आधी जमीन खणून, पाणी घालून ठेवा. परत येईपर्यंत रात्र झालेली असते.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. विचारा.

लोकलप्रवासी

फार गरजेचा धागा. मी विरार-चर्चगेट करताना फोनवर खेळतो, तर फोनवाल्यांसाठी थोडी भर.

खेळातला दिवस चौदा मिनिटांचा असल्याने फास्ट गाडीने दादरहून अंधेरी येईस्तोवर एक दिवस आरामात होतो. स्टेशन आलं की मेनू उघडायचा, घड्याळ थांबतं. खरा सेव्ह फक्त झोपल्यावरच होतो. फोनवर मध्येच बाहेर पडलं तर तात्पुरता सेव्ह राहतो, पण त्याच्यावर विसंबू नका. उतरायच्या एक स्टेशन आधी माणसाला झोपवून टाका. रात्रीचे दोन वाजायची वाट बघायची गरज नाही, दुपारी बाराला झोपलात तरी कुणी काही म्हणत नाही.

फोनवर रोपावर बोट टेकवलं की हत्यार आपोआप निवडलं जातं, पाणी घालणं सोपं आहे. खाणीत मात्र बोटाने राक्षस मारणं जिकिरीचं होतं. सेटिंगमध्ये नियंत्रणाचे पर्याय आहेत, त्यात जॉयस्टिक चालू करून बघा.

रात्रपाळी

परसबाग यांच्याशी बाकी सहमत, पण मासेमारीचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं. पहिल्या पंधरवड्यात पैसा मासळीत आहे. २ तारखेला विली या कोळ्याचं पत्र येतं, किनाऱ्यावर गेलं की तो गळ फुकट देतो. मी सकाळी पाणी घालून झालं की थेट पाण्यावर. बी विकत घ्यावं लागत नाही, वाट बघावी लागत नाही, आज पकडलं की आज विक्रीच्या पेटीत.

परसबाग

रात्रपाळी, मुद्दा बरोबर आहे. मी मुद्दाम टाळलं, कारण मासा ज्याच्या आत धरून ठेवायचा असतो तो हिरवा पट्टा नवख्यांना फार छळतो. चार मासे सुटले की माणूस खेळच बंद करतो. ज्यांना जमत नाही त्यांनी विलीकडून २५ गोल्डची शिकाऊ काठी घ्यावी. तिचा पट्टा मोठा असतो. साधेच मासे लागतात, पण हात बसतो आणि मासेमारीची पातळीही वाढते. पातळी वाढली की नेहमीच्या गळाचा पट्टाही मोठा होतो. म्हणजे ज्याला आज जमत नाही त्याला थोड्या दिवसांनी नक्की जमतं.

आणि गळ टाकायला दर खेपेला ८ शक्ती जाते हे विसरू नका. वाटेत दिसणारी रानभाजी, कांदापात, डँडेलियन उचलत चला. खाऊन शक्ती भरता येते.

गिरगावकरीण

माझ्या आईसाठी विचारतेय. आई साताऱ्याकडची, लग्न होऊन गिरगावात आली तेव्हा शेती सुटली ती सुटलीच. माझ्या मुलाला हा खेळताना बघून तिला फार आवडला, आता तिला स्वतः खेळायचाय. तिला इंग्रजी वाचता येत नाही. खेळ मराठीत किंवा हिंदीत आहे का? नसेल तर जमेल का तिला?

परसबाग

गिरगावकरीण, वाचून फार आनंद झाला. खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही. पण शेतीचा सगळा भाग चित्रांवर चालतो. भिजलेली माती गडद दिसते, पीक तयार झालं की झाड बघूनच कळतं, शक्तीचा खांब उजव्या कोपऱ्यात हिरव्याचा पिवळा होत जातो. हे ओळखायला अक्षर लागत नाही. ज्यांनी आयुष्यात माती बघितली आहे त्यांना तर नाहीच.

अडेल ते दुकानांच्या वेळांत. तेवढं एका कागदावर मराठीत लिहून द्या. पियरचं बियाण्याचं दुकान ९ ते ५, बुधवारी बंद. क्लिंट लोहार ९ ते ४. रॉबिन सुतारीण मंगळवारी नसते. मार्नी, जिच्याकडे गुरं मिळतात, ती सोमवार-मंगळवार बंद. आणि एक सोय आहे, महिना २८ दिवसांचा असल्याने प्रत्येक ऋतूची १ तारीख सोमवारीच येते. म्हणजे बुधवार नेहमी ३, १०, १७, २४. एकदा लिहून भिंतीला लावलं की चारही ऋतू तोच कागद चालतो.

गावकऱ्यांचे संवाद मात्र नातवाला वाचून दाखवायला सांगा. ते गोड आहेत, चुकवू नयेत असे.

चाफेकळी

संवादांचा विषय निघालाच आहे तर माणसांबद्दल लिहिते. मला या खेळात शेतीपेक्षा गाव जास्त प्रिय आहे. नवखे लोक पहिला महिना कुणाशी बोलतच नाहीत, कामातून वेळ नाही म्हणतात. दिवसातून एकदा समोर दिसेल त्याच्याशी बोललं तरी मैत्री वाढते, काही द्यावं लागत नाही. भेट एका माणसाला आठवड्यात दोनच देता येतात, दिवसाला एक. पण वाढदिवसाच्या भेटीला आठपट मोल आहे. पियरच्या दुकानाबाहेर कॅलेंडर लावलंय, त्यावर सगळ्यांचे वाढदिवस दिसतात.

आणि परसबागताईंनी जे पार्सनिप राखून ठेवायला सांगितले ना, त्यातला एक १८ तारखेसाठी. त्या दिवशी पॅमचा वाढदिवस असतो आणि तिला पार्सनिप सगळ्यात प्रिय. ३५ गोल्डच्या भाजीत गावात एक माणूस आपलं होतं. डोंगरापाशी तंबूत राहणाऱ्या लायनसलाही विसरू नका. गावात त्याला फारसं कुणी विचारत नाही. रानात सापडलेला डँडेलियन दिला तरी तो खूश होतो. त्याच्याशी मैत्री केली की तो काय काय सांगतो ते मी इथे लिहिणार नाही, स्वतः ऐका.

परसबाग

चाफेकळी, अगदी. उरलेल्या पार्सनिपचा दुसरा उपयोग कम्युनिटी सेंटर. ५ तारखेपासून पुढे, पाऊस नसलेल्या दिवशी, सकाळी ८ ते दुपारी १ या वेळात बस स्टॉपकडून गावात शिरलं की लुईस ती मोडकी इमारत उघडून दाखवतो. आत जमिनीवरचा कागद बघा. मग जादूगाराचं पत्र येतं आणि त्याला भेटलं की कागद वाचता येतो. प्रत्येक खोलीत वस्तूंच्या गड्ड्या मागितलेल्या असतात. वसंताच्या पिकांत पार्सनिप, फरसबी, फ्लॉवर, बटाटा, प्रत्येकी एक. म्हणून माझा साधा नियम आहे, कुठलीही नवी वस्तू मिळाली की पहिली पेटीत, दुसरीपासून विक्री.

ठाणेपूर्व

जोजा या सुपरमार्केट कंपनीचं सभासदत्व घेतलं तर? ५,००० गोल्ड भरले की वस्तू गोळा करायची कटकट नाही, सगळं पैशांनी होतं असं ऐकलं. नवख्याला तेच सोपं नाही का?

रात्रपाळी

सोपं आहे आणि चुकीचं काही नाही. मी एकदा तसा खेळलोय. पैसा मिळवायचा, भरायचा, काम होतं. मासे, रानमेवा, हंगामाबाहेरच्या भाज्या शोधत बसावं लागत नाही.

चाफेकळी

माझा याला स्पष्ट विरोध आहे, निदान पहिल्या खेळीला तरी. त्या गड्ड्याच तर नवख्याला खेळ शिकवतात. फरसबी लागते म्हणून तुम्ही मांडवाचं पीक लावता आणि कळतं की त्यातून चालत जाता येत नाही, वाट सोडून लावावं लागतं. मासा लागतो म्हणून पावसात नदीवर जाता. खाणीतली वस्तू हवी म्हणून खाली उतरता. जोजा घेतलं की यातलं काहीच करायचं कारण उरत नाही. शिवाय सभासद झालात की ती इमारत जोजाचं गोदाम होते. मला ते बघवलं नाही.

परसबाग

मीही चाफेकळीच्या बाजूने. ठाणेपूर्व, पहिल्यांदा गड्ड्या करा. घाई नाही, त्यांना मुदतच नसते. एखादी वस्तू या वर्षी हुकली तर पुढच्या वर्षी द्या. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन तुमचं काम बघतात म्हणून लोक उगाच घाबरतात. तेव्हा कमी पडलात तरी नंतर आजोबांच्या समाधीपाशी हिरा ठेवून पुन्हा मूल्यमापन करून घेता येतं. या खेळात कुणी हरत नाही. हे एकदा मनात बसलं की अर्धा ताण जातो.

मुलुंडची_आई

खाणीबद्दल कुणी सांगेल का? मुलगी नऊ वर्षांची आहे, खाणीत बेशुद्ध पडते, वस्तू हरवतात आणि रडते.

रात्रपाळी

मुलुंडची_आई, तिला हे सांगा. खाण ५ तारखेला उघडते आणि पहिल्यांदा गेलं की तलवार मिळते. दर पाच मजल्यांवर लिफ्ट थांबते. एका दिवशी पाचच मजल्यांचं लक्ष्य ठेवायचं, लिफ्ट लागली की त्या दिवसापुरतं बस. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. एकूण मजले १२० आहेत, ते कुठे पळून जात नाहीत.

जाण्याआधी टीव्ही लावायचा. ज्योतिषीण नशीब चांगलं आहे म्हणाली तरच खाण, नाहीतर मासे किंवा लाकूड. पिशवी जवळजवळ रिकामी न्यायची, महत्त्वाचं सगळं घरच्या पेटीत. सोबत खायला न्यायचं. १५ ते १८ वसंतात झुडपांना सामनबेरी लागते. झुडूप हलवलं की पडते, हवी तेवढी गोळा करून ठेवली तर पुढे कितीतरी दिवस खाणीत पुरते. आणि तब्येतीचा खांब निम्म्यावर आला की शिडीने वर. ज्या मजल्यावर आहोत तिथली वर जाणारी शिडी कायम असते.

दोन वाजेपर्यंत बाहेर राहिलं तरी माणूस कोसळतो. तेव्हा एक हजारापर्यंत गोल्ड जातं. रात्री बारानंतर जागं राहिलं तर दुसऱ्या दिवशी शक्तीही पूर्ण भरत नाही. म्हणून अकरा वाजता घराची वाट धरायची सवय लावा.

मुलुंडची_आई

खूप आभार. आज संध्याकाळी दोघी मिळून बसतो.

लोकलप्रवासी

खाणीतून तांबं मिळायला लागलं की झारी सुधारून घ्यायची का? २,००० गोल्ड आणि पाच तांब्याच्या विटा मागतोय क्लिंट. एवढ्यात झारी नसेल तर पिकाचं काय?

परसबाग

घ्या, पण दिवस निवडून. क्लिंट झारी दोन दिवस ठेवतो. टीव्हीवर उद्या पाऊस सांगितला की आज सकाळी पाणी घालायचं आणि झारी त्याच्याकडे टाकायची. उद्या पाऊस पाणी घालेल, परवा सकाळी ९ला झारी हातात. एकही दिवस पीक कोरडं राहत नाही. कोरडं राहिलं तरी रोप मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही इतकंच.

शेतीची पातळी २ झाली की तुषार करता येतो, तांब्याची एक आणि लोखंडाची एक वीट. तो चारच खणांना पाणी देतो, त्यामुळे मी फार करत नाही. पातळी ६चा तुषार आठ खणांना देतो, लोखंड त्याच्यासाठी राखा. बुजगावणं मात्र पातळी १लाच करा. कावळे रोपं खातात आणि लावणी वाढली की हमखास येतात. झाडांचा चीक टाकू नका, त्याचं खत होतं. लावणीआधी मातीत घातलं की सोनेरी दर्जाचं पीक निघण्याची शक्यता वाढते.

गिरगावकरीण

आई खेळायला लागली! कागद भिंतीवर आहे. तिचं पहिलं म्हणणं असं की इथे खुरपणी नाही, हे बरंय. आता २६ तारीख आहे तिची, स्ट्रॉबेरीचे दोन्ही तोडे घेतले. तिला आता कोंबड्या हव्यात आणि उन्हाळ्यात काय पेरायचं तेही विचारतेय.

परसबाग

आईंना माझा नमस्कार सांगा. २५चा तोडा साधला म्हणजे त्यांनी १३च्या रात्रीच लावणी केली!

कोंबड्यांआधी चाऱ्याची कोठी. रॉबिनकडे १०० गोल्ड, १०० दगड, १० माती आणि पाच तांब्याच्या विटा. कोठी उभी असेल तरच कापलेल्या गवताचा चारा साठतो, नसेल तर गवत वाया. मग खुराडं, ४,००० गोल्ड, ३०० लाकूड, १०० दगड. कोंबडी मार्नीकडे ८००ला. सोमवार-मंगळवार सोडून जा.

पेरणीसाठी ब्लूबेरी. बी ८०ला. १ तारखेलाच लावली तर १४, १८, २२, २६ असे चार तोडे, दर तोड्याला तीन फळं, फळ ५०ला. म्हणजे एका रोपाचे ६०० गोल्ड. तीन दिवस उशीर झाला तर शेवटचा तोडा जातो, म्हणून २८ वसंताला पैसे हातात ठेवून झोपायला सांगा. १ तारीख सोमवार, पियर ९ला उघडतो. सकाळी ६ ते ९ या वेळात मेलेली रोपं विळ्याने काढायची, जमीन तयार करायची आणि मग दुकान गाठायचं. थोडा मकाही लावू दे. बी १५०ला म्हणजे महाग आहे, पण मका उन्हाळा संपला तरी मरत नाही, पानगळीतही कणसं देत राहतो.